फेसाखालचे पाणी

कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर दर्शन आटोपून आम्ही शिरोळ तालुक्यातील एका नातलगांकडे निघालो होतो. वाटेत पंचगंगेवरचा एक बंधारा लागतो. तेथे गाडी थोडी थांबली आणि सहावीत शिकणारी नात खिडकीतून ओरडली, "आजोबा, बघा, नदीत केवढा फोम!" बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली पांढराशुभ्र फेस दाटून आला होता. वाऱ्याने त्याचे गोळे उचलून काठच्या उसापर्यंत नेले होते. तिला ते दृश्य फार आवडले. फोटो काढायचा म्हणून ती खाली उतरू लागली. मग मध्येच वळून तिने विचारले, "याला मराठीत काय म्हणायचं?"

"फेस," मी म्हणालो.

उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि हे घरी परतेपर्यंत मनाला टोचत राहिले. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने नातीला एक शब्द दिला आणि त्या शब्दाने तिला काहीच सांगितले नाही, असे वाटले. म्हणून या महिन्याच्या सदरात, वाचकहो, या एका शब्दाचा थोडा माग काढू.

आरंभ नातीच्या शब्दापासूनच करतो. इंग्रजीतील 'फोम' आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्या घरचाच, फार पूर्वी दूरदेशी गेलेला नातेवाईक आहे. संस्कृतातील 'फेन', लॅटिनमधील 'स्पूमा' आणि इंग्रजीतील 'फोम' हे तीनही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे नातीने फोम म्हटले आणि मी फेन म्हटले असते, तर हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन भावंडांची त्या बंधाऱ्यावर गाठ पडली असती.

हा पदार्थ आहे तरी काय, हा प्रश्नही जुना आहे. इंद्र आणि नमुची यांची वैदिक कथा अनेकांनी ऐकली असेल. ओल्या वस्तूने मारणार नाही आणि कोरड्या वस्तूनेही मारणार नाही, असे वचन इंद्र देऊन बसला होता. अखेर त्याने पाण्याच्या फेसाने नमुचीचे मस्तक उडवले, कारण फेस ओलाही नव्हे आणि कोरडाही नव्हे. कथा बाजूला ठेवली, तरी त्यातील निरीक्षण अचूक आहे. फेस म्हणजे द्रवाच्या अतिशय पातळ पडद्यांमध्ये कोंडलेली हवा. त्यात द्रव थोडा आणि हवाच फार. दिसतो मात्र पर्वताएवढा.

येथे विज्ञानाची एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. निव्वळ शुद्ध पाण्याला फेस धरता येत नाही. तांब्यातले स्वच्छ पाणी कितीही उंचावरून ओता, बुडबुडे येतील आणि क्षणात फुटतील. फेस टिकून राहिला, तर पाण्यात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे असे निश्चित समजावे. दुधात ती प्रथिने असतात, रिठ्याच्या पाण्यात सॅपोनिन असते, धुण्याच्या पाण्यात साबण असतो. फेस हा अशा रीतीने साक्षीदार असतो. आत काय आहे, याची तो वर येऊन साक्ष देतो.

आपल्या कोल्हापूरकडच्या आयुष्यात असे किती तरी साक्षीदार आहेत. गंगावेशीतील दूधकट्टा कोणाला ठाऊक नाही? गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढतात आणि फेसाने काठोकाठ भरलेला धारोष्ण दुधाचा पेला हातात ठेवतात. दूध आणल्यावर ते गाळून ४८ मिनिटांच्या आत तापवण्याचा आमच्या घरचा नेम असल्याने तो पेला आम्ही कट्ट्यावर कधी तोंडाला लावला नाही. पण घरी दूध घेताना माझी आई गवळ्याला रोज एकच वाक्य ऐकवीत असे, "फेस बसू दे बाबा, मग माप घाल." गवळी प्रामाणिकच होता. तरी फेस मापात धरायचा नाही हा दंडक दोघांनाही मान्य होता. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान' हा एक सांगितला आहे, म्हणजे माप कमी-अधिक करणे. मी पुढे तत्त्वार्थसूत्रात तो वाचला तेव्हा मला प्रथम आईचे ते वाक्य आठवले. फेस दुधाचाच असला तरी तो दूध नव्हे, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते.

स्वयंपाकघरात मराठीने या नामाचे क्रियापदही करून टाकले आहे. आपण मोहरी 'फेसतो'. पाण्याचा हबका देत मोहरी पाट्यावर वाटत राहिले की ती हलकी, पांढुरकी होते आणि तिचा तिखटपणा थेट नाकात शिरतो. अख्खी मोहरी तोंडात टाकली तर एवढी झणझणत नाही. दाणा फुटून त्याला पाणी मिळाले की आतले दोन घटक एकत्र येतात आणि तो तिखट वास जन्म घेतो. लोणच्याला आणि कोशिंबिरीला ही फेसलेली मोहरी हवी, नुसती कुटलेली चालत नाही, हा भेद आपल्या घरातील बायकांनी एका क्रियापदात जपून ठेवला आहे. सुतरफेणीतील 'फेणी'चे नातेही याच फेनाशी जोडले जाते. तिचे मऊ, विरघळणारे तंतू पाहिले की ते पटते.

फेस धुण्याच्या कामीही येतो. संस्कृतात रिठ्याला 'फेनिल' असे नावच आहे. डोक्यावरून न्हायला, रेशमी वस्त्र धुवायला आणि चांदी उजळायला रिठ्याचे पाणी वापरले जाई. हुपरीसारख्या चांदीच्या गावात रिठ्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही.

गुऱ्हाळावर फेसाला वेगळेच नाव आहे. काहिलीत उसाचा रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडांचा चिकट रस घालतात. हा चिकटपणा रसातील मळ पकडून वर आणतो आणि पृष्ठभागावर काळपट, दाट फेस जमतो. त्याला कोणी फेस म्हणत नाही, त्याला 'मळी' म्हणतात. गुळव्या ती काढून टाकायला लावतो. मळी वेळेवर निघाली तर गूळ पिवळाधमक उतरतो, राहिली तर काळवंडतो. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला कोल्हापुरी गूळ ज्या रंगासाठी नावाजला जातो, त्यात वर आलेला फेस ओळखून बाजूला करण्याच्या या कौशल्याचा मोठा वाटा आहे.

म्हणजे दुधावरचा फेस बसू द्यायचा, मोहरीचा फेस मुद्दाम आणायचा, रिठ्याचा फेस कामाला लावायचा आणि रसावरचा फेस काढून टाकायचा. फेसाचे काय करायचे, हे आपल्या भाषेने प्रत्येक ठिकाणी त्या त्या शब्दाबरोबरच सांगून ठेवले आहे.

वाक्प्रचारातही हा फरक दिसतो. इंग्रजीत एखाद्याच्या तोंडाला फेस आला असे म्हटले की तो संतापाने बेभान झाला असा अर्थ होतो. मराठीत तोंडाला फेस येतो तो कष्टाने. मुलांची फी, घराचा हप्ता आणि आजारपण एकदम आले की आपण म्हणतो, "तोंडाला फेस आला." औताच्या बैलाच्या तोंडावर उन्हातान्हात जो फेस दिसतो, तो आपल्या पूर्वजांनी रोज पाहिला होता. त्यांचा फेस रागाचा, आपला फेस राबण्याचा. शब्द तोच, पण त्यामागची शेते निराळी.

इंग्रजी 'फोम' मात्र गेल्या शंभर वर्षांत फार पसरला. पूर्वी आपल्याकडे पिंजारी येऊन कापूस पिंजून गाद्या भरून देत. १९२९ च्या सुमारास रबराच्या चिकाला फेस आणून तो तसाच घट्ट करण्याची युक्ती इंग्लंडमध्ये साधली आणि तेथून आपल्याकडे डनलॉपची गादी आली. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन तयार केले आणि त्याच्या फेसाने पुढे गाद्या, सोफे, वाहनांची आसने भरून गेली. तेलाच्या आगीवर पाणी मारले तर पाणी खाली बसते आणि तेल वर जळतच राहते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी रशियातील अलेक्झांडर लोरान यांनी आगीवर पांघरूण घालणारा फेस शोधला. दाढीचा फोमही आला. सणासुदीच्या मखराचा थर्मोकोल हाही फुगवलेल्या प्लॅस्टिकचा गोठलेला फेसच. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली त्याच्या अनेक वापरांवर बंदी घातली, कारण हा फेस विरत नाही. तो फक्त तुकडे होऊन पसरतो.

आता अशा दोन शब्दांकडे वळू, ज्यांच्यात फेस आहे असे वाटते आणि मुळात तो नाहीच. पहिला 'अहिफेन'. अफूचे हे संस्कृत नाव. शब्दशः अर्थ 'सापाचा फेस'. प्रत्यक्षात अफूत साप नाही आणि फेसही नाही. ग्रीक भाषेतील रसवाचक 'ओपिओन' अरबीत 'अफ्यून' झाला, तो आपल्याकडे आला आणि पंडितांनी त्याच्या उच्चाराला संस्कृत वेष चढवला. वेष मात्र बोलका निघाला. अफूची सापाशी झालेली ही तुलना व्यसनाने उद्ध्वस्त झालेले घर पाहिलेल्या कोणालाही खोटी वाटणार नाही.

दुसरा शब्द 'समुद्रफेन', आणि येथे मला आमच्याच घरची एक चूक सांगितली पाहिजे. लहानपणी कान वाहू लागला की वैद्यांनी दिलेले समुद्रफेनाचे बारीक चूर्ण कानात घालत. पांढरे, हलके, ठिसूळ. समुद्राचा फेस वाळून ते होते, अशी आम्हा सर्वांची समजूत. रात्री पाणी न पिणारी, पाने निवडताना अळी दिसली तर ती हळूच बाहेर नेऊन सोडणारी माझी आजी ते चूर्ण निःशंकपणे वापरत असे. पुष्कळ वर्षांनी मला कळले, की समुद्रफेन म्हणजे फेस नव्हे. माकूळ जातीच्या समुद्री जिवाच्या शरीरातील ते कवच असते आणि जीव मेल्यावर ते किनाऱ्याला लागते. आजी तेव्हा हयात नव्हती, आणि ते एका परीने बरेच झाले असे मनात आले. वैद्यांनी फसवले नव्हते, ग्रंथांत ते औषध त्याच नावाने होते. चूक झाली ती शब्दाच्या शुभ्रपणाला भुलून. नाव गोड, निर्मळ होते, म्हणून त्याखाली काय आहे हे आमच्या घरात कोणी विचारलेच नाही.

बंधाऱ्यावर त्या दिवशी माझ्या नातीचे नेमके हेच झाले होते, आणि मीही तिला तोच शुभ्र शब्द देऊन मोकळा झालो होतो.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला पंचगंगा आकार घेते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या छोट्याशा प्रवासात ती कोल्हापूर शहर, इचलकरंजीसारखे वस्त्रोद्योगाचे गाव, साखर कारखाने आणि दाट वस्तीची कित्येक खेडी ओलांडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पंचगंगाही होती. त्याआधी २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. दूषित पाण्याचा अर्थ किती भयंकर असू शकतो, हे त्या वर्षी या पट्ट्यातल्या घराघरांना समजले.

नदीवरचा प्रत्येक फेस वाईट नसतो, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यावर तांबूस फेस तरंगतो. तो कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला असतो, त्याला मातीचा वास असतो आणि तो लवकर मोडतो. पण हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, प्रवाह मंद असताना, बंधाऱ्याखाली पांढराशुभ्र फेस ढिगाने साचत असेल आणि तासन्‌तास मोडत नसेल, तर त्यात साबण, डिटर्जंट, सांडपाणी यांचा अंश आहे, अशी शंका घेण्यास पुरेसे कारण असते. मघाशी म्हटले त्याप्रमाणे, शुद्ध पाण्याला फेस धरता येत नाही.

या काठावर 'मळी' हा शब्दही बदलला. गुऱ्हाळावर काढून टाकायचा फेस म्हणजे मळी. साखर कारखाने आले आणि साखर काढून उरलेल्या काळ्या चिकट द्रवालाही मळीच म्हणू लागले. मग वर्तमानपत्रांत 'मळीमिश्रित पाणी' हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि त्या बातमीत पुढच्या ओळीला बहुधा मेलेल्या माशांचा उल्लेख असतो. पाण्यात सेंद्रिय मळ वाढला की तो कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. गुळव्या जी मळी रसातून वेगळी करीत असे, ती आपण समाज म्हणून नदीत मिसळू लागलो. एका शब्दाचा हा प्रवास मला कोणत्याही अहवालापेक्षा अधिक लाज आणतो.

दोष दुसऱ्यांवर टाकून हा विषय संपवता येत नाही. डिटर्जंटचा फेस केवळ मोठ्या उद्योगांतून येत नाही, तो आपल्या मोरीतूनही जातो. कपड्यांचा मळ जाणे आणि फेस पुष्कळ येणे यांचा थेट संबंध नाही. यंत्रात कपडे धुण्याच्या पावडरी तर मुद्दाम कमी फेसाच्या बनवतात. तरीही बादलीभर फेस दिसल्याशिवाय आपले समाधान होत नाही आणि आपण आणखी एक चमचा पावडर टाकतो. आईने दुधाच्या मापात फेस कधी धरला नाही. आम्ही मात्र स्वच्छतेचे मापच फेसाने घेऊ लागलो.

आपल्याकडे पाणी गाळण्याची रीत आहे. जुन्या बायका पाणी गाळून थांबत नसत. गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात त्यांना 'जिवाणी' म्हणत, आणि ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडत. दुसऱ्या पाण्यात सोडली तर ते जीव जगणार नाहीत, ही त्यामागची काळजी. वापरलेल्या पाण्याची आणि त्यातल्या जिवांची जबाबदारी घागर भरली की संपत नाही, एवढा विचार त्या रीतीत होता. आज नळाचे पाणी गाळून पिणारी आपली घरे मोरीतून काय परत सोडतात, याचाही हिशेब त्याच काळजीने ठेवायला हवा. पावडरचे माप निम्म्यावर आणून पाहावे. भांड्यांना, केसांना जमेल तेथे रिठा, शिकेकाई वापरावी. आपल्या वसाहतीचे सांडपाणी नेमके कोठे जाते, याची चौकशी पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करावी. यांतील एकही गोष्ट अवघड नाही.

अनित्य भावना शिकवताना आपल्या आचार्यांनी पाण्याचीच उपमा घेतली. आचार्य कुंदकुंदांच्या 'बारस अणुवेक्खा'मध्ये पाण्याचा बुडबुडा येतो. उत्तराध्ययन सूत्रात तरुण मृगापुत्र आई-वडिलांना दीक्षेची अनुज्ञा मागतो, तेव्हा तो या शरीराला फेस आणि बुडबुडा यांच्यासारखे म्हणतो. त्यांच्या काळी जगात फेसाहून क्षणभंगुर काही दिसत नव्हते. नदीवर असा फेस साचेल की तो दुसऱ्या दिवशीही तेथेच असेल, किंवा थर्मोकोलच्या रूपाने आपल्या पणतवंडांपर्यंत टिकेल, हे त्यांच्या कल्पनेत येणे शक्य नव्हते. शरीर अजूनही तसेच विरणारे आहे. फेस मात्र आपण टिकाऊ करून ठेवला.

त्या रात्री मी नातीला पुन्हा जवळ बोलावले. तिने काढलेला फोटो दोघांनी पाहिला. दूध, मोहरी, रिठा, काहील असे सगळे सांगून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा, तो फोम खाली काय आहे ते सांगत होता." फोटो तिने पुसला नाही. त्याखाली मराठीत एक शब्द लिहून ठेवला: मळी.

वाचकहो, आपल्या घरी, शेतावर, व्यवसायात फेसासाठी आणखी कोणते शब्द आहेत, तेही अवश्य कळवा. मिळतील ते पुढील एखाद्या अंकात येथेच देईन.